दाव्यातलं सातवं कलम

खोटं बोलून ज्यांचं काहीही बिघडलं नाही अशी माणसं मी माझ्या वकिलीत गाडीभर पाहिली. पण खरं टाइप करून स्वतःचा दावा, स्वतःचा मुलगा आणि वर स्वतःच्या वकिलाची अब्रू एकाच दुपारी घालवून बसलेला माणूस मी एकच पाहिला. तो माणूस म्हणजे आमचे टायपिस्टकाका, आणि तो वकील म्हणजे मी.

कोर्टाच्या कुंपणाला लागून कडुनिंबाखाली टायपिस्ट लोक ओळीने बसत. त्यात काकांचं टेबल शेवटचं. सकाळी पंचवटीतून सायकलवर येत, टाइपरायटरचं मशीन जुन्या पंच्यात गुंडाळून कॅरियरला बांधलेलं असे. ते सोडण्याआधी काका टेबल पुसत, मशीनला नमस्कार करत, आणि मग पहिल्या पक्षकाराकडे अशा नजरेनं पाहत की निम्मे पक्षकार तिथूनच शेजारच्या टेबलाकडे वळत. उरलेल्या निम्म्यांची खरी परीक्षा शेवटी असे. दाव्याच्या शेवटी एक ओळ असते : वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. बाकीचे टायपिस्ट ही ओळ डोळे मिटून ठोकत. काका ती टाइप करण्याआधी हात थांबवत, चष्मा काढत आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून विचारत, "खरं ना?" घोटीकडचा एक शेतकरी भातखाचराच्या बांधाचा दावा घेऊन आला होता. "बांध माझाच हाय," तो म्हणाला. "खरं ना?" "म्हंजे, धा वर्सांपासनं तर माझाच हाय." "आणि त्याआधी?" शेतकरी जरा घुटमळला. "त्याआधी भावाचा व्हता." काकांनी तीन पानं कार्बनसकट मशीनमधून ओढून काढली आणि त्याला चहा पाजून घरी पाठवलं. तो घरी गेला नाही, शेजारच्या टेबलावर गेला आणि पुढे दावा जिंकला. हे काकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्या मशीनवरून नाही ना गेला, झालं."

कागदावर त्यांची श्रद्धा होती. देवावर होती की नाही मला ठाऊक नाही. गल्लीच्या तोंडचा दिवा दिवसाढवळ्या जळतो म्हणून त्यांनी संबंधित खात्याला अकरा अर्ज केले, प्रत्येकाची स्थळप्रत फाइलला लावली. शेवटी एक माणूस शिडी घेऊन आला आणि दिवा बंद करून गेला. तो पुन्हा रात्रीही लागला नाही. सगळी गल्ली काकांच्या नावानं बोटं मोडत अंधारात ठेचकाळू लागली, पण काका खूष होते. "अर्जात मी दिवसाचंच लिहिलं होतं," ते म्हणाले, "त्यांनी अर्ज मंजूर केला." घरातही हीच भाषा. "सदर आमटीत मीठ नाही," असं ते पानावरून म्हणत, आणि काकू आतून विचारत, "मग प्रतिवादीनं काय करावं म्हणता?" काकूंना विनोद कळत होता. काकांना तो कळतो की नाही हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

त्यांना एकच मुलगा. उशिरा झालेला, अबोल, गणितात कच्चा, खेळात कच्चा, गाण्यात कच्चा. नववीत गेला त्या सुमारास, म्हणजे टीव्ही रंगीत झाला त्याच्या मागेपुढे, शालिमार चौकाजवळच्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. आत अंधार, कपाटाएवढी चार मशीनं, आणि त्यांचे ते टींव टींव आवाज. शाळा सुटली की पोरं तिथं जात. पुढे शाळा सुटायची वाट पाहणंही त्यांनी सोडलं. काकांचा मुलगा सगळ्यांत आधी जाई आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येई. घरी आला की जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर हलत राहत. आईनं हाक मारली तर तिसऱ्या हाकेला मान वर करी आणि काकूंकडे असं पाही की ही बाई कोण. "घरात असून नसतो हो," काकू मला म्हणाल्या. काका त्याला रागावले नाहीत, मारणं तर लांबच. त्यांनी त्याला नोटीस दिली. रीतसर टाइप केलेली, स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली : आपण सदर महिन्यात शाळेत वारंवार गैरहजर राहिल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत सात दिवसांचे आत खुलासा करावा. दुसऱ्या दिवशी नोटिशीच्या डाव्या कोपऱ्यात मुलानं लिहिलं होतं, "पोच मिळाली," आणि खाली सही. ती नोटीस काकांनी मला आणून दाखवली. "सही बघा, अगदी जिथं करायला हवी तिथं केलीय," ते म्हणाले, आणि नोटीस घडी करून पुन्हा खिशात ठेवली. काकू म्हणत, "अहो, कागद पुरे झाले. त्याच्याशी बोला." काका म्हणत, "बोललेलं टिकत नाही."

तर अशा माणसानं दावा लावला नसता तरच नवल. मी तेव्हा तीन वर्षांचा वकील, खुर्चीपेक्षा वकिलांच्या बाररूममधल्या बाकावर जास्त वेळ बसणारा. काका एक दिवस तयार दावाच घेऊन आले. पार्लरवर कायमचा मनाई हुकूम मागितला होता : हा खेळ नसून जुगार आहे, नाणं टाकल्यावर पुढे काय होईल हे सर्वस्वी दैवावर आहे, आणि त्या नादानं मुलांच्या आयुष्याची माती होते आहे. मी वाचत गेलो आणि मनातल्या मनात वाहवा म्हणत गेलो. सातव्या कलमाशी आलो आणि कपाळावर हात मारून घेतला. तिथं लिहिलं होतं : वादीचा मुलगा एका नाण्यावर पाऊण पाऊण तास खेळतो, असे वादीने बोळाच्या तोंडाशी उभे राहून घड्याळ लावून पाहिले आहे.

"काका, हे काढा."

"का? खरं आहे."

"अहो, बाकीची पोरं दोन मिनिटांत संपतात. तुमचा मुलगा पाऊण तास खेळतो, मग हे दैव कसलं? हे तर कसब झालं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा का?"

"वकीलसाहेब, मी तीन दिवस उन्हात उभा राहिलोय त्या पाऊण तासासाठी. पाहिलेलं लिहायचं नाही, तर खालची ओळ कशाला टाइप करायची?"

मी तासभर डोकं फोडलं. कलम राहिलं.

व्हायचं तेच झालं. पार्लरवाले शेठ हे गोड बोलणारे, कानात अत्तराचा फाया घातलेले गृहस्थ होते. कोर्टाच्या पायरीवर ते काकांना वाकून नमस्कार करत आणि म्हणत, "काका, मी कुनाला घरातून वढून आनतो का? पोरं आपल्या खुशीनं येत्यात." त्यांच्या वकिलानं जबाबात सातवं कलम शब्दशः उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, हे प्रतिवादीस मान्य आहे. कोर्टात आपली एखादी गोष्ट समोरच्यानं मान्य केली की आनंद व्हायला हवा, पण मी तो जबाब दोनदा वाचून फाइलखाली सरकवला. न्यायाधीशांनी असलं मशीन कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एका ज्येष्ठ वकिलांना कमिशनर नेमलं. त्यांनी पार्लरवर जावं, खेळ डोळ्यांनी पाहावा आणि अहवाल द्यावा. शेठच्या वकिलानं लगेच सुचवलं की वादीच्या मुलालाच खेळू द्यावं, पाऊण तास खेळतो ना, दिसेलच सगळ्यांना. मी हरकत घ्यायला उठत होतो, तेवढ्यात काकांनी मागून माझा कोट ओढला. "होऊ द्या," ते म्हणाले.

आता मी जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाहणीच्या दिवशी मी मुलाला बोळाच्या तोंडाशी गाठलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "दोन मिनिटांत हर. बापासाठी एवढं कर." तो सरळ आत निघाला. आत कमिशनरसाहेब कागद सरसावून स्टुलावर बसले होते, शेठनं सगळ्यांसाठी थंडगार गोल्डस्पॉट मागवला होता, आणि काका मशीनकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे होते. मुलगा मशीनपाशी गेला, नाणं हातात घेतलं आणि मागं वळून विचारलं, "बाबा, वकीलकाका म्हणतात लवकर हर. काय करू?"

सगळ्या पार्लरसमोर विचारलं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. कमिशनरसाहेबांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. शेठ गोल्डस्पॉटच्या बाटलीत पाहू लागले. काका वळले. त्यांना दावा हवा होता, तो पार्लरला कुलूप लावू शकणारा एकच कागद होता, आणि तो जिंकणं किंवा हरणं आता त्यांच्या तोंडच्या एका शब्दावर आलं होतं. मी त्यांच्याकडे हात जोडल्यासारखं पाहत होतो. काका म्हणाले, "साहेब लिहून घेतायत, बाळ. लिहिलं जाणार ते खरं असायला हवं. खरं खेळ."

मग तो खेळला. खाली एक इवलंसं विमान आणि वरून झुंडीनं येणारी शत्रूची विमानं, एवढाच तो प्रकार. पण वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा हा पोरगा त्या उजेडात निराळाच दिसत होता. ताठ उभा, डोळे स्थिर, बोटं हलकी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कमिशनरसाहेबांनी कागद मांडीवरून खाली पडू दिले आणि एकदा तर ते ओरडले, "अरे डावीकडे, डावीकडे बघ!" "बघितलंय," मुलगा न वळता म्हणाला. काका एक एक पाऊल पुढं सरकत अगदी त्याच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आपला मुलगा कुठली तरी गोष्ट उत्तम करतो आहे हे त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ती गोष्ट बंद पाडण्यासाठीच तो तिथं आला होता. पन्नास मिनिटांनी विमान पडलं तेव्हा "अरेरे" असा जो आवाज आला, तो काकांचा होता.

अहवाल आला : सदर खेळ कौशल्याचा आहे. दावा फेटाळला गेला. पार्लरची जाहिरात आम्ही फुकटात करून दिली होती. कोर्टात पास झालेला खेळ म्हणून शाळाशाळांतून पोरांच्या झुंडी येऊ लागल्या. शेठनं काकांच्या मुलाला मशीनं सांभाळायला ठेवून घेतलं. दहावीच्या परीक्षेला तो बसलाच नाही. पुढे घरोघरी व्हिडिओ आले, पार्लर ओस पडलं, शेठनं मशीनं सुरतेला हलवली आणि मशीनांबरोबर मुलगाही गेला. जाताना त्यानं आईच्या पाया पडून घेतलं. काका तेव्हा कोर्टात होते. पहिल्या वर्षी दोन कार्डं आली, नंतर तीही येईनात. काकूंनी काकांना आमटीवरून उलट उत्तर देणं सोडलं, आणि ते घर इतकं गप्प झालं की मी तिकडे जायचं टाळू लागलो.

मला हे सगळं लागून राहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात कडुनिंबाखाली कोणी नाही असं पाहून मी विचारलंच, "काका, ते सातवं कलम तेव्हा काढलं असतं तर?"

"तर मला तो खेळताना दिसला नसता," काका म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी आम्ही चालत घरी गेलो. मी त्याला विचारलं, ते विमान डावीकडून येणार हे तुला आधी कसं रे कळलं? तर तो बोलायला लागला. रविवार कारंजा गेला, होळकर पूल गेला, मालेगाव स्टँडचा चढ गेला, हा आपला बोलतोच आहे. हात करकरून दाखवतोय. मला त्यातलं काही कळलं नाही. दारात आलो आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी विचारायला हवं होतं. पण मी अपिलाचा मसुदा करत बसलो."

मशीनमध्ये कोरा कागद लावलेला होता. "पोराला पत्र लिहायचं तर सुरुवात काय करतात हो?" त्यांनी विचारलं. हजारो अर्ज लिहिलेला माणूस मला मायना विचारत होता. मी म्हटलं, चिरंजीव लिहा, आशीर्वाद लिहा, आणि मग मनात असेल ते लिहा. त्यांनी एवढंच लिहिलं : त्या दिवशी तू फार चांगला खेळलास. मी मागे उभा होतो. घरी ये. आणि सवयीनं खाली ती ओळ उमटली, वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. मी या वेळी काहीही काढायला सांगितलं नाही.

जुन्या कार्डावरच्या सुरतेच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र तीन आठवड्यांनी परत आलं. लिफाफ्यावर पोस्टमननं शेरा मारला होता, या पत्त्यावर राहत नाही. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "खरं ना?"

मी शिक्क्यावरची तारीख वाचत राहिलो. काकांनी लिफाफा न उघडता फाइलला लावला, आणि टेबलापाशी केव्हाची उभी असलेली एक बाई होती, तिला बसायला सांगितलं.