छत्री देऊन घेतलेली कुंती

मी जुने मोटारपंप विकत घेतो आणि दुरुस्त करून विकतो. सायकलला पाने-पक्कड बांधून सुरुवात केली, आज देऊळगाव राजात स्वतःचं दुकान आहे. मला भावात हरवलं असं सांगणारा माणूस तालुक्यात सापडणार नाही. सापडेल तो वरवट बकालला, आणि ती बाई आहे: माझ्या बायकोची मावशी.

बायको लहानपणी तिच्याकडेच वाढली. सातपुड्याचं रान तिथून जवळ. त्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीत कुंती वाढते. बारा महिने हिरवी, पानं चकचकीत, पांढऱ्या फुलांचे झुपके. पाखरांनी बी टाकून मावशीच्या अंगणातही एक कुंती उगवली होती. लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायको बोलता बोलता त्या फुलांच्या वासावर येऊन थांबायची. तिने कधी काही मागितलं नाही, म्हणून मीच ठरवलं, कुंती आणायची.

मावशीने झाडाच्या बुडाशी उगवलेलं वीतभर रोप खणून डब्यात लावून दिलं. सवयीने मी विचारलं, "मावशी, याचं काय द्यायचं?" जावयाकडून कोणी काही घेतं का? तिने घेतलं.

"पैसे नको, जावईबापू. ती छत्री ठेवून जा."

छत्री नवी, लाकडी मुठीची. तिच्यासाठी मी दुकानदाराशी अख्खी दुपार भांडलो होतो.

"मावशी, रोप पाहा केवढं आहे."

"मंग राहू द्या. मायजवळच बरं आहे ते."

छत्री ठेवली. निघताना ती म्हणाली, "लय लाड नका करू त्याचे." माल खपवल्यावर दिलेला सल्ला मी ऐकत नसतो.

घर दुकानाच्या मागेच; तिथल्या अंगणात कुंती लावली. पाण्याने सुटत नाही असा प्रश्न माझ्या धंद्यात येत नाही. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप मी कुंतीवरच तपासू लागलो. तीन वर्षांत झाड कमरेच्या वर गेलं, पानांनी गच्च भरलं. फूल मात्र एक नाही. बायको रोज सकाळी झाडताना वाकून फांद्यांत बघायची आणि पुढे जायची. ते वाकणं मला फार टोचायचं.

एका चैत्रात मी मावशीला फोन लावला. "तुमच्या झाडाले फूल येत नाही. छत्री वापस करा."

"झाड घेऊन या, छत्री घेऊन जा."

"आणतोच."

त्या दिवसापासून कुंतीला तांब्याभर पाणी दिलं नाही. पंपाचा पाइप गटाराकडे वळवला. वैशाखात तिची पानं लोंबायला लागली.

"अहो, झाडावर काऊन राग काढून राह्यले?" बायकोने विचारलं.

"सौदा मोडला."

"सौदा तुमचा होता. झाड कोणासाठी आणलं होतं?"

मी दुकानात निघून गेलो. खणायचा दिवस ठरला होता. आदल्या संध्याकाळी तिने दोन बादल्या पाणी बुडाशी ओतलं. "मुळं तुटू नयेत," एवढंच म्हणाली.

सकाळी कुदळ हातात घेतली आणि एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन दारात उभा. मग दुसरा आला, तिसरा आला. खणणं राहिलं ते राहिलंच.

दोन-तीन आठवड्यांनी तोंड धुवायला बाहेर आलो, तर अंगणात वास दाटलेला. कुंती पांढरीशुभ्र झाली होती. बायको हातात झाडू धरून नुसती उभी होती. या वेळी तिला वाकावं लागलं नव्हतं.

"हाच," ती म्हणाली.

मी मावशीला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "फुललं वाटते. रागानं पाणी तोडलं असन तुम्ही, मंग कोणीतरी घातलं असन."

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"रानात उन्हाळाभर कोण पाणी घालते तिले? आधी तहान लागते, मंग एक सर पडते, तवा फुलते ते."

"हे तेव्हाच सांगायचं ना."

"लाड नका करू म्हणलं होतं."

"बरं, ते जाऊ द्या. छत्रीचं काय?"

"झाड घेऊन या, छत्री घेऊन जा."

समोर बायको झाडाखाली बसून गळलेल्या पाकळ्या पदरात वेचत होती. मी फोन ठेवला.

यंदा दुसरी छत्री घ्यावी लागणार. पंप मात्र मी अजूनही गटाराकडे तोंड करूनच तपासतो.