डिस्कवरची जागा

आमच्या अहेरीच्या बांबू डेपोच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काही नवं बसवायचं असलं की आधी मशीन तपासायला आरमोरीहून एक भाऊ येतात. चपला दाराबाहेर काढून, देवळात शिरावं तसे सर्व्हरच्या खोलीत शिरतात आणि खिशातून काय काय लागतं त्याची यादी काढतात. प्रोसेसर पाहिला की लाल पेनाने खूण आणि "पुढं!" मेमरी पाहिली की खूण आणि "पुढं!" त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा सगळ्या डेपोंच्या मालाचं विश्लेषण करणारं मोठं सॉफ्टवेअर बसायचं होतं. नागपूरची माणसं चार वाजता ऑनलाइन येणार होती. दुपारी एकला भाऊंचं पेन डिस्कपाशी अडलं. जागाच नव्हती! आम्ही वर्षानुवर्षं झाडीपट्टीच्या नाटकांचे व्हिडिओ तिथे साठवले होते.

"बाई, हे काऊन इथी? सारं उडवतो मी!"

मी हात जोडले. "भाऊ, उडवायच्या आधी एकदा पाहा तरी."

"एकच मिनिट," म्हणत त्यांनी एक नाटक उघडलं. खलनायक आला तसे भाऊ खुर्ची ओढून बसले. विनोदी जोडी आली, तेव्हा मांडीवर थापा मारत असे हसले की गेटवरचा चौकीदारही आत आला. पहिला अंक संपला. आता बंद करतील असं आम्हाला वाटलं, तर भाऊ ओरडले, "पुढं!"

चार वाजता नागपूरचा फोन वाजला. "जागा मोकळी झाली का?"

भाऊंनी नजर न हलवता सांगितलं, "करून राह्यलो साहेब. दोन अंक झाले, तिसरा बाकी आहे."