आत्याने परत घेतलेलं पुस्तक

भुताखेतांच्या गोष्टींना मी कधीच भाव दिला नाही. नोएडात माझा जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा आहे. शून्यातून उभा केलाय. समोरचा जे सांगेल त्यातलं निम्मंच खरं धरायचं, या हिशेबाने आजवर चाललो. बायको या सदरातले अनुभव मोठ्याने वाचायची तेव्हा मी म्हणायचो, "यार, लोकांना कामधंदे नाहीत." आता स्वतःच लिहायला बसलोय... आणि मला भीती वाटत नाहीये, संताप येतोय.

गोष्ट माझ्या आत्याची. लग्न केलं नाही, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. दिवसा नोकरी, संध्याकाळी मराठी मंडळाची लायब्ररी. तळमजल्यावरची एक खोली. एक दार, एक खिडकी, खिडकीला जाळी. आत्याचा जन्म त्या खोलीत गेला म्हणा ना. यूपीएससीसाठी परभणी-लातूरहून आलेली मुलं पुस्तक न्यायला यायची आणि पोहे खाऊन जायची. माझ्यावर तर तिचा भारी जीव. मला ताप आला की उशाशी बसून वाचून दाखवायची.

आणि तिनेच माझं लायब्ररीचं खातं बंद केलं.

तेव्हा मी बारावीत होतो. शिकारकथांचं एक जाडजूड पुस्तक नेलं होतं. ते मी परत केलं, पण लायब्ररीत नाही, तिच्या घरी. आत्याचंच घर, आत्याचीच लायब्ररी, फरक काय? शिलाई मशीनवर ठेवलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ठेव तिथे." आणि दोन महिन्यांनी काउंटरवर, दहा माणसांसमोर:

"नंदू, पुस्तक आण."

"अगं आत्या, घरी दिलं ना मी तुला!"

"घरी दिलेलं पुस्तक परत दिलेलं नसतं. इथे द्यायचं असतं."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं म्हटलं का मी? पुस्तक आलं की खातं चालू."

तिचं घर उलटंपालटं केलं. नाही सापडलं. त्यानंतर बावीस वर्षं ती मला दर दिवाळीला डबा भरून बेसनलाडू देत राहिली, पण "तू दिलं होतंस" हे तीन शब्द काही दिले नाहीत. मीही लायब्ररीची पायरी चढलो नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. शोकसभेत मंडळाचे सेक्रेटरी देशमुखकाका म्हणाले, "शिस्त अशी, की सख्ख्या भाच्याने पुस्तक ढापलं तर त्यालाही सोडलं नाही!" लोक हसले. मी उभा राहिलो.

"काका, ढापलं नाही. दिलं होतं."

"अरे गंमत रे. बस खाली."

गंमत! तेव्हाच ठरवलं, ते पुस्तक शोधून या माणसाच्या हातात द्यायचं.

संधी लगेच आली. मंडळाला खोली रिकामी करायची होती, लोखंडी रॅक विकायचे होते. मी म्हटलं, "नेतो. पण पुस्तकं मी स्वतः काढणार, एकेक करून." रविवारी सकाळी काकांनी कुलूप उघडलं.

काउंटरवर लाकडी ट्रे होता. आत्याची पद्धत जुनी. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड. पुस्तक नेलं की ते कार्ड वाचकाच्या तिकिटात, म्हणजे त्याच्या नावाच्या छोट्या पाकिटात, खोचून ट्रेमध्ये. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात, तिकीट खणात. शेवटच्या आजारपणात तिने सगळ्यांकडून पुस्तकं मागवून घेतली होती. ट्रेमध्ये एकच तिकीट उरलं होतं. माझं. आत शिकारकथांचं कार्ड.

डोकंच फिरलं. दोघांनी मिळून सगळी खोली उपसली. प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून गेलं. सगळी खोक्यांत भरली, खोकी सुतळीने बांधली, रॅकच्या मागे, काउंटरच्या खाली टॉर्च मारून पाहिलं. नाही.

"सोड ना आता," काका म्हणाले. "चल, चहा घेऊ."

टपरी दारासमोरच. दाराकडे तोंड करून बाकावर बसलो. दहा मिनिटं. परत आलो तर काउंटरवर ते पुस्तक.

शिकारकथाच. उघडलं तर कार्ड आत. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर परतीचा शिक्का, शाई इतकी ओली की माझ्या अंगठ्याला लागली. ट्रे रिकामा. माझं तिकीट खणात.

"काका, ही मस्करी असेल ना, तर..."

"अरे, मी तुझ्या शेजारी चहा पीत होतो!"

बाहेर येऊन चहावाल्याची कॉलर धरायची बाकी ठेवली. "अंदर कौन गया था?" तो म्हणाला, "साहब, दरवाज़े के सामने तो आप ही बैठे थे।" खिडकीची जाळी हलवून पाहिली. घट्ट. शिक्का टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि शाईचं पॅड दगडासारखं वाळलेलं.

मग शिक्क्यावरची तारीख वाचली. त्याच दिवसाची होती. त्या रविवारची!

म्हणजे बावीस वर्षं पुस्तक माझ्याकडे होतं, आणि आज मी काउंटरवर आणून दिलं, असंच ना? मी त्या रिकाम्या खोलीत ओरडलो, "आत्या, घरी दिलं होतं! तू 'ठेव तिथे' म्हणाली होतीस!" काका घाबरून माझा दंड धरून उभे. आयुष्यभर लोकांशी घासाघीस केली, समोर माणूस असला तर मी त्याला वाकवतोच. इथे वाकवायचं कुणाला?

काका हळूच म्हणाले, "घेऊन जा ते. तुझी चूक नव्हती, मी सांगेन सगळ्यांना."

मी तसं नाही नेलं. कार्ड काढलं, माझ्या तिकिटात खोचलं, ट्रेमध्ये ठेवलं, आणि मग नेलं. रीतसर.

ती खोली आता दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. पुस्तक माझ्या दुकानात टेबलावर पडलंय. वाचून झालं. आता ते द्यायचं कुठे?