देवघरातली बाटली

"आधी मुठीत धर," काकू म्हणायच्या. "गारठलंय ते. ऊब दे, मग बोलू."

आणि आम्ही चाळिशीचे बाप्ये, शारजात अल मजाजच्या अठराव्या मजल्यावर, आपापली वेप मुठीत धरून सोफ्यावर ओळीने बसायचो. वेप म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, तुम्हाला माहीत असेलच. ज्यांना माहीत नाही त्यांनी तसंच सुखात राहावं. खाली बॅटरी, वर बोटभर कार्ट्रिज, त्यात निकोटीनचा गोडसर रस, रसात भिजलेला कापूस आणि कापसात तार. तार तापली की वाफ. ऑफिसच्या एसीत दिवसभर पडून तो रस घट्ट व्हायचा आणि गाल आत जाईपर्यंत ओढलं तरी वाफ यायची नाही. दुकानदार म्हणायचा, नवीन घ्या. काकू म्हणायच्या, मूठ वळा. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागायचं.

काकू म्हणजे माझ्या शेजाऱ्याच्या, मंदारच्या, आई. मंदार आणि मी रोज एकाच गाडीने दुबईला कामावर जायचो. काकू मिरजेहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं असिस्टंट म्हणून काढली होती. पोरांनी फोडलेल्या काचा, अडकलेली बुचं, गळणारे नळ, सगळं त्यांच्याच हाताखालून गेलेलं. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे डोळे चमकायचे.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मंदार एक कार्ट्रिज कचऱ्यात टाकत होता.

"केवढ्याला पडतं रे हे?"

"पंचेचाळीस दिरहम, आई."

"म्हणजे हजार रुपये! ठेव ते खाली!"

त्यांनी कार्ट्रिज अर्धा आटा सैल केलं. "गळा आवळलायस तू याचा." कान कोरायची कापसाची काडी घेऊन बॅटरीच्या टोकाचा चिकटा पुसला. तोंडाशी साचलेलं पाणी टिश्यूवर झटकलं. मग मंदारच्या हातात देऊन म्हणाल्या, "खलास!" 'झालं, संपलं' अशा अर्थाचा हा अरबी शब्द त्यांनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून उचलला होता आणि पोळ्या संपल्या तरी वापरत होत्या.

झालं! बिल्डिंगभर बातमी पसरली. दर शनिवारी सकाळी काकूंची ओपीडी भरायला लागली. मंदारची सहा वर्षांची इरा दारात उभी राहून ओरडायची, "नेक्स्ट पेशंट, प्लीज!"

"बोल बाळा," काकू चष्मा कपाळावरून खाली घ्यायच्या. "जळका वास येतो, की नुसतीच रुसलीय? गाडीत ठेवली होतीस का?"

"हो काकू, डॅशबोर्डवर. सगळी लीक झाली."

"भर दुपारी तू बसून बघ बरं त्या डॅशबोर्डवर. तूही लीक होशील."

रस भरायचं काम मात्र त्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. "तुम्ही सांडता," म्हणून सगळ्यांची कार्ट्रिजं घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. भरून आणल्यावर टेबलावर उभी करून ठेवायच्या आणि दम द्यायच्या, "चहा होईपर्यंत हात लावायचा नाही. कापूस भिजू दे. तहानलेल्या कापसाला तार लावलीस तर तो जळणारच की!" मग चहा व्हायचा. आलं घातलेला, कडक. वाफेपेक्षा त्या चहासाठीच निम्मे पेशंट यायचे असा माझा संशय आहे.

गंमत म्हणजे काकूंना या प्रकाराची भयंकर किळस होती. मी एकदा विचारलंही, "तुम्हाला एवढं आवडत नाही, मग दुरुस्त कशाला करता?"

"फेकलं तर नवीन आणाल. त्यापेक्षा माझ्या हाताखाली असलेलं बरं."

मला वाटलं, मिरजेची काटकसर. मी हुशार माणूस. मला नेहमी काहीतरी वाटत असतं.

त्यांचा व्हिसा संपायला अकरा दिवस उरले होते. मी रिकामा डबा परत द्यायला गेलो. मंदार आणि त्याची बायको इराला घेऊन खाली तलावाकाठी गेले होते. स्वयंपाकघरात मिरजेहून आणलेलं कॅलेंडर होतं आणि त्याच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे. माझ्या आईचं कॅलेंडरही असंच असायचं. अर्धा लिटर, पाऊण लिटर, आज खाडा. मला अगदी भरून आलं. म्हटलं, बघा, माणूस देश सोडतो पण दुधाचा हिशेब सोडत नाही.

मग डोक्यात उजेड पडला. शारजात कुठला आलाय गवळी? इथं दूध सुपरमार्केटमधून कॅनने येतं.

जवळ जाऊन बघितलं. "मं १२. मं ९. मं ६. मं ३." खाली "अ ६. अ ३." आणि मग "अ ०, अ ०, अ ०," महिनाभर नुसती शून्यं. मं म्हणजे मंदार. आणि माझं नाव अविनाश. शून्य लिटर दूध कोण घेतं हो?

"काकू, हे काय आहे?"

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. मग देवघरात गेल्या, गंगाजलाच्या तांब्यामागून गुलाबपाण्याची एक जुनी बाटली काढली आणि माझ्यासमोर धरली.

"बिननिकोटीनचा रस आहे. तुमच्याच पुदिन्याच्या वासाचा. खालच्या दुकानातून आणते. तो मल्याळी पोरगा मला मम्मी म्हणतो. मी आपलं याला तीर्थ म्हणते. दर खेपेला थोडं थोडं वाढवत नेलं की निकोटीनचा आकडा उतरत जातो आणि तुम्हाला कळत नाही."

"आणि माझं हे शून्य?"

"तुझं महिन्यापूर्वीच सुटलं."

आता मला सांगा, माणसानं तोंड कुठं लपवावं? याच महिन्यात मी मंदारला ट्रॅफिकमध्ये सुनावलं होतं, "याच्याशिवाय मला सकाळी स्टिअरिंग धरवत नाही यार!" आणि गेल्याच शनिवारी खुद्द काकूंना सांगितलं होतं की आज जरा जास्तच कडक झालंय, डोकं गरगरलं.

"हो, म्हणालास खरा," काकूंचे खांदे हलायला लागले. "मी आत येऊन तोंडात पदर कोंबला."

"पण मीच का?"

"पोटच्या पोरावर एकदम प्रयोग कसा करायचा? आधी तुझ्यावर करून बघितला."

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. "निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

मी हातातला रिकामा डबा ओट्यावर ठेवला. काकू हसायच्या थांबल्या. ओट्याला टेकून, बाटलीचं बूच फिरवत म्हणाल्या, "मंदारच्या बाबांना मी सिगारेट सोडा म्हणून सांगत राहिले रे. भांडले, रडले, शपथा घातल्या. शेवटी ऑक्सिजन लावला होता, तेव्हासुद्धा शेजारी बसून सांगत होते. सांगून कुणी सोडत नाही, अविनाश. मंदारला मला तसं बघायचं नाही. मी मेले तरी बघायचं नाही."

मंदार तीनवर आला होता. अकरा दिवसांत तो शून्यावर येणार नव्हता. घाई केली तर त्याला कळणार, आणि कळलं की भडकून सरळ सिगारेटवर जाणार. तसा तो आधी एकदा गेलाही होता. "लॅबमध्ये पोरं इथंच माती खायची," काकू म्हणाल्या. "सगळं नीट करायची आणि शेवटच्या थेंबांना घाई."

म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. अकरा दिवस, ऑफिसातून आल्यावर, डबा परत करायच्या निमित्ताने. एवढे डबे आमच्या दोन घरांत आयुष्यात फिरले नव्हते. ड्रॉपरने थेंब मोजायचे, कापूस बुडला की थांबायचं. माझा हात हलायचा. "निकोटीन तर नाही अंगात," काकू म्हणायच्या, "मग थरथरतोस कशानं?"

एअरपोर्टवर त्यांनी मला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, "दर खेपेला दोनच थेंब वाढव. यल्ला, येते मी." मंदारला वाटलं, माझ्या मुलाला सांभाळ असं काहीतरी सांगितलं असणार. त्याचे डोळे भरून आले. मला गप्प बसवत नव्हतं, पण बसलो.

ओपीडी माझ्याकडे आली. बाकीच्यांना मी हात जोडून दुकानात पाठवलं. माझा पेशंट एकच. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी मंदारच्या कार्ट्रिजमध्ये निव्वळ तीर्थ भरलं. चहा झाला, त्याने ओढलं, "मस्त," म्हणाला आणि निघून गेला. मी लगेच मिरजेला फोन लावला.

"काकू, खलास!"

काकू म्हणाल्या, "थांब हं, ठेवू नकोस." फोन कुठंतरी टेकवल्याचं कळलं आणि पाठोपाठ देवघरातली घंटा ऐकू आली. बराच वेळ वाजवत होत्या. परत आल्या तेव्हा नाक ओढत होत्या.

"त्याला सांगायचं नाही हां."

"कधीच नाही?"

"मी येणार आहे ना थंडीत. मीच सांगेन. त्याचा चेहरा मला बघायचाय."

त्यानंतर दर फोनला आमचं तेच. चहा झाल्यावर सांगायचं की आधी? इरासमोर सांगायचं का? काकूंनी तर कॅलेंडर पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं.

गणपती उठले आणि चार दिवसांनी काकू गेल्या. दुपारी आडव्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. मंदार मिळेल त्या फ्लाइटने निघाला.

तेरावं करून परत आला तो घरी बॅग टाकून सरळ माझ्याकडे. डोक्यावर नुकते फुटलेले खुंट. त्याने टीपॉयवर तीन वस्तू ठेवल्या. वेप, निकोटीनच्या रसाची नवी कोरी बाटली आणि सिगारेटचं न फोडलेलं पाकीट.

"जळका वास येतोय याला," तो म्हणाला. "आई करायची तसं नीट साफ करून दे. आणि आज बारावालं भर. मला आज कडक पाहिजे. हे नाही लागलं तर मग ते पाकीट आहेच."

सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगणं काकूंचं होतं. त्या चेहरा बघणार होत्या.

मी वेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आटा सैल केला, टोक पुसलं, पाणी झटकलं, जळकी तार काढून नवी घातली. आमच्या देवघरात गंगाजलामागे काकूंची गुलाबपाण्याची बाटली होती. तिच्यातलं भरलं. त्याच्या बाटलीतलं तेवढंच सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि चहा टाकला.

मंदारने टेबलावरच्या वेपकडे हात नेला.

"चहा होईपर्यंत हात लावायचा नाही," मी म्हणालो.

तो हसला. मग हसता हसताच रडायला लागला आणि चहा होऊन गार झाला तरी रडत होता. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मला काकूंची आठवण येत होती, फार येत होती.

शेवटी त्याने डोळे पुसले, वेप उचलली, थोडा वेळ मुठीत धरली आणि डोळे मिटून एक लांब झुरका घेतला. त्याला ठसका लागला.

"हां," तो म्हणाला. "आता लागलं. जाम कडक आहे रे, डोकं गरगरलं." आणि सिगारेटचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "हे टाकून दे."

मी पाकीट घेतलं, कप उचलले, आत गेलो आणि ओट्यावरचा नॅपकिन तोंडात कोंबला.