एस्प्रेसोचा बरोबर उच्चार

कॉफीच्या यंत्राचा वास नाकात गेला की मला किळस येते. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना तो वास फार आवडतो. नागपुरात आमच्या घराखालीच आता कॉफीचं एक काचेचं दुकान झालंय. सकाळपासून तिथलं यंत्र फुसफुसत असतं आणि तो कडवट, दुधाळ वाफेचा वास जिना चढून थेट दारापर्यंत येतो. परवा एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर तिथे बसावं लागलं. शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलाबरोबर आलेल्या. पदार्थांच्या यादीतला एक शब्द त्यांनी जसा दिसला तसा वाचला, आणि मुलगा इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला, "आई, प्लीज! क्रोसाँ म्हणतात." बाईंनी यादी पालथी ठेवली. मी माझा कप बाजूला सारला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. नागपूरपलीकडच्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्नकार्यात कॉफीचं यंत्र आणायची टूम निघाली होती. पितळी टाकी, वर घड्याळासारखा काटा, बाजूला एक नळी. पेल्यातल्या दुधात ती नळी बुडवली की वाफ किंचाळायची, फेस वर यायचा आणि त्या फेसावर चिमूटभर चॉकलेटची भुकटी पडायची. ताईच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नागपूरची पाहुणे मंडळी येणार म्हणून बाबांनी ते यंत्र पांढुर्ण्याहून बसच्या टपावर घालून आणलं. मृगबहाराची संत्री घरात टोपल्यांनी पडली होती. आई म्हणाली, रस काढू. बाबांनी ऐकलं नाही. नागपूरच्या लोकांना संत्र्यांचं काय अप्रूप!

बाबा सौंसरला पोस्टमन होते. इंग्रजीतली तार असो की औषधाच्या बाटलीवरचा कागद, लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि म्हणत, "वाचून द्या जी." बाबा चष्मा चढवत, घसा साफ करत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचत. मॅट्रिकच्या पुढे ते गेले नव्हते. उच्चार त्यांचे स्वतःचे होते, पण त्यावाचून कधी कुणाचं अडलं नाही. गावात त्यांना जो मान होता, तो सगळा त्या मोठ्याने वाचण्याचा होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर जास्त किळस येते.

जामसांवलीच्या देवाचं दर्शन आटोपून पाहुणे दुपारी मांडवात टेकले. बाबा स्वतः ट्रे घेऊन फिरू लागले. "घ्या जी, एक्सप्रेसो कॉफी घ्या. खास पांढुर्ण्याहून मशीन आणली."

"एस्प्रेसो," मुलाचे काका म्हणाले.

"एस्प्रेस्सो. दोनदा स येतो," दुसरे म्हणाले.

झालं. गाडी व्हॅनिलावर गेली, सँडविचवर गेली, कुणी मुंबईला काय म्हणतात ते सांगू लागलं. मिशांना फेस लागलेले ते पुरुष एकमेकांची जीभ तपासत होते. आणि ते जे पीत होते त्या दुधाळ कॉफीला एस्प्रेसो म्हणतच नाहीत, एस्प्रेसो बिनदुधाची असते, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनी मात्र मोठ्या अभिमानाने माझ्याकडे हात केला. "माही पोरगी नागपूरले शिकून राह्यली. तिले विचारा, ते सांगन बरोबर."

तीनच महिन्यांपूर्वी वसतिगृहात मी हाच शब्द अगदी बाबांसारखा म्हटला होता. मुली मला आठवडाभर त्या नावाने हाका मारत होत्या. ते सगळं मनात आंबत पडलं होतं. घरची बोली बाजूला सारून, पुस्तकी मराठीत, पाहुण्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "एस्प्रेसो आहे ते, बाबा. तुम्ही सगळंच असं वाचता."

मांडव हसला. होणारे व्याही म्हणाले, "मग आमची पत्रंही अशीच वाचता की काय, पोस्टमनसाहेब?" बाबाही हसले. पुढच्या रांगेत ट्रे नेताना ते नुसतंच "घ्या जी, घ्या" म्हणत होते. मी माझी कॉफी संपवली. फेस चाटून संपवली.

ताईचं लग्न झालं, सुखाचं झालं. त्या दुपारची आठवण तिच्या सासरी कुणालाही नाही. पुढच्या सुट्टीत घरी गेले तर ओसरी रिकामी. आई बाबांबद्दल म्हणाली, "कोनी आलं का म्हनतात, डोयाले साजरं दिसत नाही आता, पोरगी आली का तिच्याकडून वाचून घेजा." आणि तेच बाबा रोज सायकलवर गावभर फिरून बारीकातल्या बारीक अक्षरातले पत्ते बिनचूक शोधत होते.

नोकरी लागल्यावर मी त्यांना नागपूरच्या एका चांगल्या हॉटेलात नेलं. माफी मागायची होती, ती मागता आली नाही. यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, घसाही साफ केला. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र निघाला नाही. यादी मिटून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. टोमणा नव्हता, राग नव्हता. "तुले जे म्हनता येते," ते म्हणाले, "ते मांग."

आता सौंसरलाही म्हणे असली दुकानं झालीत आणि तिथली पोरं सगळी नावं अचूक घेतात. मीही घेते. परवा त्या बाईंनी पालथी यादी मुलाकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तूच सांग." मुलाने सांगितलं. उच्चार अगदी बरोबर होता.