दबोराबाईंनी नको सांगितलेले बन

खिम्याची गोष्ट निघाली की शिरूरच्या मंडळीत दबोरा पाटोळेशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव निघत नसे. नाताळात पाळकसाहेबांकडे पाहुणे आले, कुणाच्या बाप्तिस्म्याचं जेवण असलं, कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात चुली मांडल्या, की मोठं पातेलं दबोराच्या हाती द्यायचं हे ठरलेलं. ती माहेरची मांडवगण फराट्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूने, अनसाबाईंनी, तिला दोन वर्षं चुलीपुढे बसवून सगळं शिकवलं. शाळा सातवीपर्यंत, बोलणं तुटक, चारचौघींत उठून दिसावं असं रूप नाही. लोकांनी आपल्याला नावाजावं असं आपल्याजवळ हे एकच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा सॅम्युएल रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. मुलगी रूथ शाळेत. धाकटा दीर गिदोन दौंडला रेल्वेत होता. २००३च्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मुलगी पुण्याची, नाव कृपा. कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, लग्नाआधी कॅम्पातल्या एका बर्गरच्या दुकानात काउंटरवर काम केलेली. दौंडला रेल्वेचं क्वार्टर मिळेपर्यंत तिने शिरूरला जावेपाशी राहायचं आणि गिदोनने सुट्टीला येऊन जायचं, असं ठरलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी चर्चमधल्या भक्तीहून आल्यावर कृपा म्हणाली, "ताई, आज मी करू का?"

दबोरा पाट घेऊन बाजूला बसली. नव्या सुनेचं कौतुक करायचं असतं एवढं तिला कळत होतं. कृपाने चिकनचा खिमा आणि उकडलेला बटाटा मळून चपट्या टिकिया केल्या, तव्यावर खरपूस भाजल्या. अंडं, तेल आणि थोडं व्हिनेगर मिक्सरमध्ये फिरवून पांढरं दाट सॉस केलं. इब्राहिमचाचांच्या बेकरीतून आणलेले गोल बन आडवे कापून त्यात कांदा, काकडी, टोमॅटो आणि टिकिया रचली. सॅम्युएलने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, "आपल्या घरात असलं कवा झालं न्हाई."

तो साधंच बोलला होता. दबोराने मात्र ते वाक्य आठवडाभर मनात घोळवलं. चौदा वर्षं या माणसाला ती पहाटे उठून डबा करून देत होती. बस चुकू नये म्हणून भाकरी गरम असतानाच फडक्यात बांधायची. त्या चौदा वर्षांत जेवताना त्याने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

मग दर रविवारी बर्गर व्हायला लागला. रूथ शनिवारपासूनच काकूच्या मागे मागे. शेजारच्या बायका "कृपाला जरा विचारायचं होतं" म्हणत स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागल्या. दबोरा भांडी आवरता आवरता ऐकायची. कृपाने कढई मागितली की ती म्हणायची, "ती नको घेऊ, तळ पातळ झालाय." मिक्सर मागितला की, "सारखा फिरवून जळंल." कृपा मुकाट्याने हाताने अंडं फेटत बसायची आणि सॉस तरीही चांगलंच व्हायचं. दबोराला त्याचाही राग यायचा. एकदा तरी ते सॉस फाटावं, एकदा तरी टिकिया तव्याला चिकटावी, असं तिला वाटे, आणि असं वाटल्याची रात्रीच्या प्रार्थनेत लाज वाटे. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

दिवाळीच्या सुट्टीआधी रूथच्या शाळेत निबंध होता, माझी आवडती व्यक्ती. वहीत दीड पान लिहिलेलं होतं. दबोराने ते दुपारी एकटीने वाचलं. 'माझी काकू पुण्याची आहे. ती हुशार आहे. तिच्या हातचे बर्गर पूर्ण शिरूरमध्ये कोणाला येत नाहीत.' आईचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, 'आईपण मला आवडते.' दबोराने वही जागेवर ठेवली आणि धुतलेले कपडे परत धुवायला घेतले.

त्याच महिन्यात, सुट्टी लागल्यावर, रूथचा अकरावा वाढदिवस होता. तिने आठ मैत्रिणींना बोलावलं आणि सगळ्यांना बर्गरच सांगून ठेवला. कृपाने चार दिवस आधी इब्राहिमचाचांकडे दोन डझन मोठे बन सांगितले. आदल्या दिवशी दबोरा भाजी आणायला गेली होती. पिशवीत कोथिंबीर आणि मिरच्या. बेकरीवरून जाताना चाचांनी आतूनच हाक मारली, "सलाम, भाभी. उद्याचे बन बारा वाजेपर्यंत होतील."

दबोरा थांबली. पुढचं बोलणं आपण ठरवून बोललो नाही, असं ती नंतर सांगायची. पण शब्द नीट, शांतपणे आले.

"चाचा, बन नकोत. आमचा बेत बदलला."

"बदलला? बरं झालं आज सांगितलंत. उद्या आठवडी बाजार, पावालाच भट्टी पुरत नाही."

घरी येईपर्यंत परत जाऊन सांगावं असं दोनदा वाटलं. गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन किलो खिमा आणवला आणि सासूने शिकवला तसा, अख्खा मसाला भाजून, मोठ्या पातेल्यात करून ठेवला. कृपाने विचारलं तर म्हणाली, "असू दे जोडीला. पोरी वाढत्या वयाच्या हायत."

दुपारी कृपा पिशवी घेऊन बेकरीत गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, चाचा म्हणतात बन केलेच नाहीत. घरून नको सांगितलं म्हणे. पावही संपलेत. हे एवढे टोस्ट मिळाले."

दबोरा कांदा चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. कृपा काही वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मग बाहेर पोरींचा गलका ऐकू आला. रूथ धावत आत आली, रिकामी पिशवी पाहिली आणि तिचे डोळे भरले. "काकू, मी सगळ्यांना सांगितलंय."

"आईनं खिमा केलाय ना," दबोरा म्हणाली.

"खिमा रोजच असतो," रूथ म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

कृपाने ओट्यावर नजर फिरवली. टिकिया भाजून तयार होत्या. सॉस तयार होतं. कोबी, काकडी, टोमॅटो चिरलेले. बटाट्याच्या सळ्या तळलेल्या. नव्हते ते फक्त बन. तिने आहेरात आलेले काचेचे बाऊल खोक्यातून काढले आणि पुसून मांडले.

"रूथ, रडू नकोस. बर्गर होणार आहे. फक्त हातात धरायचा नाही, चमच्याने खायचा."

तळाला बारीक चिरलेली कोबी, तिच्यावर काकडी, टोमॅटो आणि कांदा. कांदा थोडा साखर-व्हिनेगरात मुरवलेला. वर टिकिया मोडून मोठे मोठे तुकडे. मग सॉसची धार, तळलेले बटाटे आणि सगळ्यात शेवटी टोस्ट तुपात परतून केलेला कुरकुरीत चुरा. बाहेरून काचेतून सगळे थर दिसत होते. आठ पोरी आणि रूथ ओसरीत गोल करून बसल्या. पहिला चमचा गेला आणि गलका थांबला. मग एकीने विचारलं, "ह्याला काय म्हणतात?" रूथ म्हणाली, "काकूचा वाटीबर्गर." नाव तिथल्या तिथे ठरलं.

सॅम्युएल पहिली शिफ्ट करून आला, त्यानेही दोन बाऊल खाल्ले. खिम्याच्या पातेल्याचं झाकण कुणी उघडलं नाही.

दबोरा स्वयंपाकघरात पातेल्याजवळ बसून होती. तिने स्वतःच एक ताट घेतलं, खिमा वाढून घेतला आणि खाऊ लागली. मीठ नेमकं होतं. मसाला नेमका होता. तो कुणाला नको होता. आपण केलेल्या वाइटातून त्या पोरीचंच भलं झालं, हे तिला गिळवेना. बन आले असते तर नेहमीचा बर्गर झाला असता, चार दिवसांत विसरले असते. आता शाळा उघडली की आठ घरांत वाटीबर्गर पोचणार.

पोरी गेल्यावर कृपा आत आली. तिच्या हातात शेवटचा बाऊल होता. तो तिने दबोरापुढे ठेवला आणि समोर खाली बसली.

"घ्या ताई."

दबोराने चमचा घेतला. खरं तर तिला तो बेचव लागायला हवा होता. तो फार चांगला लागला. टोस्टचा कुरकुरीतपणा, मुरलेल्या कांद्याची आंबटगोड चव, मध्येच गरम टिकिया. तिला स्वयंपाक कळत होता, म्हणून तर खोटं बोलताही येईना. तिने तो अर्धा संपवला.

"बन तुम्ही नको सांगितले?" कृपाने विचारलं. आवाज चढवला नाही.

"व्हय," दबोरा म्हणाली.

"का?"

दबोराने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला तुझं बघवत न्हाई. तू आल्यापासून मला कुणी विचारीत न्हाई. ह्यांनी चौदा वर्षांत मला एक शब्द सांगितला न्हाई, आन् तुला पहिल्याच घासाला सांगितला. पोरगी माझी, तिचा निबंध तुझ्यावर."

कृपाने मान खाली घातली. तिला राग आला होता, ते तिच्या बोटांवरून दिसत होतं. ती पदराचं टोक पिळत होती.

"रूथच्या वाढदिवसाला असं करायला नको होतं ताई," ती म्हणाली. "माझ्यावर राग होता तर मला बोलायचं."

"व्हय. चुकलं माझं."

"आणि तुम्हाला वाटतं मला काही वाटत नाही? तुमचे दीर दौंडहून येतात, माझ्या हातचं खातात आणि म्हणतात, चांगलं आहे, पण वहिनीच्या खिम्याची चव न्हाई. प्रत्येक वेळी. मी तुमचं बघून बघून मसाला भाजायला शिकले, तरी तसा होत नाही. बर्गर एवढं एकच मला येतं आणि तुम्हाला येत नाही. म्हणून मी दर रविवारी तेच करते."

दबोराने हे कधी ऐकलं नव्हतं. गिदोन असं म्हणतो हे ऐकून तिला आनंद झाला, आणि या वेळीही आपल्याला आधी आनंदच झाला, हे ध्यानात येऊन ती ओशाळली. ती उठली, एक ताट घेतलं, त्यात खिमा आणि भाकरी वाढून ते कृपापुढे ठेवलं. कृपा जेवली.

रूथला कृपाने काही सांगितलं नाही. दबोराने स्वतःच चार दिवसांनी सांगितलं. रूथ दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि ते दबोराने निमूट सोसलं. इब्राहिमचाचांकडे जाऊनही ती म्हणाली, "मी खोटं बोलले होते." ते तराजू पुसत म्हणाले, "भाभी, घरात दोन चांगल्या हातांच्या बाया असल्या की एवढं व्हायचंच."

पुढे दोघी एकत्र रांधू लागल्या, हे खरं. पण मत्सर गेला असं दबोरा कधी म्हणाली नाही. कृपाला मसाला शिकवताना दगडफूल किती भाजायचं ते ती दोन महिने सांगायची टाळत होती. नंतर सांगितलं. कृपानेही सॉसला तेल थेंबाथेंबाने घालायचं असतं हे उशिरानेच सांगितलं, तोवर दबोराची सहा अंडी वाया गेली होती.

२००५च्या पावसाळ्यात दौंडचं क्वार्टर मिळालं आणि कृपा गेली. घर मोकळं झालं तेव्हा आपल्याला हलकं वाटेल अशी दबोराची समजूत होती. दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी तिने वाटीबर्गर केला, टिकियांऐवजी आपला सुका खिमा घालून. सॅम्युएल जेवता जेवता म्हणाला, "हे बेष्ट झालंय." सोळा वर्षांनी मिळालेला शब्द होता. तिने तो ऐकून घेतला आणि पहिली गोष्ट कुठली केली, तर शेजारच्या दुकानातून दौंडला फोन लावला.

"कृपा, ह्यांनी चांगलं म्हटलं."

"काय घातलं होतं?"

"खिमा."

कृपा म्हणाली, "ताई, खरं सांगू, मला आत्ता वाईट वाटलं."

"वाटू दे," दबोरा म्हणाली. "मला तुझी मागच्या महिन्यातली गोष्ट ऐकून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तुझ्या दौंडच्या बायांनी तुला कापणीच्या सणाचं पातेलं दिलं म्हणं."

"मग येताय का मदतीला? शंभर माणसं आहेत. एकटीने जमायचं नाही."

दबोराने सॅम्युएलची शिफ्ट कधी बदलते ते मनात मोजलं आणि म्हणाली, "येते. पण खिमा मी करणार."