मागे उभा राहणारा

दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फ पाडून स्कीइंगची सोय केली आहे. तिथे लेकीला घेऊन गेले, तेव्हा मला लायसन्स मिळून जेमतेम आठवडा झाला होता. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि मागच्या सीटवर ही लोकरीचे हातमोजे घालून तयार. पार्किंगमध्ये एकच जागा, तीही दोन अवाढव्य गाड्यांच्या मधे.

“आई, जस्ट पार्क इट.”

मी तिच्यावर मराठीत डाफरले. ते ऐकून तिथला पार्किंगवाला आला आणि गाडीच्या मागे उभा राहिला. घाई नाही, शिट्टी नाही. तळहात सावकाश स्वतःकडे हलवत म्हणाला, “येऊ द्या ताई, येऊ द्या.” मग मूठ मिटली. “खलास.”

गाडी बरोबर मधोमध बसली होती.

“तुम्ही छान चालवत असाल,” मी म्हटलं.

“लायसन्सच नाही ताई. टेस्टला तीनदा नापास झालोय, तेही पार्किंगमध्येच.” तो हसला. “तिथे मागे कुणी उभं नसतं ना. गुरुवारी परत आहे, इन्शाल्ला.”

नाव विचारायचं राहूनच गेलं. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र टेबलाखाली माझा तळहात सावकाश हलत होता. येऊ द्या दादा, येऊ द्या.